विलायती रविवारातली आमच्या खाडीची बाई

मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका इंग्रजी शाळेच्या ग्रंथालयात मी मदतनीस आहे. पुस्तकांना कव्हरं घालायची, मुलांनी भलत्याच कपाटात कोंबलेली पुस्तकं जागेवर लावायची, काही टाइप करायचं असलं तर करून द्यायचं, असं माझं काम. ग्रंथालयाच्या प्रमुख बाई इंग्रज आहेत. त्यांना सगळी शाळा मॅडम म्हणते, मीही म्हणते. नवरा दुक्मच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, तो एक आठवडा सोडून एक आठवडा घरी येतो. मुलगी इंडियन स्कूलमध्ये नववीत. म्हणजे घरी बहुतेक वेळ आम्ही दोघीच.

एका सुट्टीत मॅडम इंग्लंडला गेल्या होत्या, आईचं घर रिकामं करायला. आई आता राहिली नव्हती आणि घर विकायचं होतं. परत आल्या तेव्हा त्या मला म्हणाल्या, "माळ्यावर काय सापडलं असेल, ओळखा."

मला वाटलं जुने दागिने, फार तर फोटो. सापडला होता एक रविवार.

मॅडमच्या वडिलांचं उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणीगावात टीव्हीचं दुकान होतं. टीव्हीवरचं रेकॉर्ड करणारी यंत्रं नवी आली, सत्तरच्या दशकात, तेव्हा गिऱ्हाइकाला ती विश्वास बसेल अशी दाखवायची कशी, हा त्यांना प्रश्न पडला. मग एका रविवारी ते सकाळपासून दुकानात बसले आणि टीव्ही सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत एकाच चॅनेलवरचं सगळं त्यांनी कॅसेटमागून कॅसेट बदलत उतरवून घेतलं. गिऱ्हाईक आलं की ते म्हणायचे, रविवार हवाय? देतो. कुठला भाग पाहिजे, सकाळ की संध्याकाळ?

त्या काळी टीव्हीवाले स्वतः फारसं जपून ठेवत नसत. जुन्यावर नवं रेकॉर्ड करायचे. त्यामुळे त्या दिवशीचं बरंचसं आता जगात दुसरीकडे कुठेही नव्हतं, फक्त त्या माळ्यावरच्या खोक्यात होतं. मॅडमचे भाऊ तिथल्या गावच्या संग्रहालयात हौसेनं काम करतात. संग्रहालयानं ठरवलं, एका रविवारी हा सगळा दिवस जसाच्या तसा दाखवायचा. सकाळचं सकाळी, दुपारचं दुपारी. बहिऱ्या लोकांनाही पाहता यावं म्हणून खाली सबटायटल हवी होती, आणि ती ऐकून टाइप करणारं कुणीतरी हवं होतं.

"मी तुमचं नाव सुचवलंय," मॅडम म्हणाल्या. "तुमचं टायपिंग स्वच्छ आहे आणि तुम्हाला कंटाळा येत नाही."

"हे कौतुक आहे ना, मॅडम?"

"माझ्याकडचं सगळ्यात मोठं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. घरी येऊन मात्र वाटलं, हे आपल्याला जमेल का? माझं शिक्षण मराठी शाळेतलं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातलं. इंग्रजी मी आधी पुस्तकातून शिकले आणि मग इथे मस्कतला लोकांच्या तोंडाकडे बघून. शाळेतल्या मुलांचं इंग्रजी मला कळतं, मॅडमचं कळतं. पण पहिली फाइल उघडली तर एक शेतकरी मेंढ्यांबद्दल बोलत होता आणि मला मेंढी सोडून एक शब्द कळेना.

मी मुलीला हाक मारली. ती दिवसभर इंग्रजीतच असते, मैत्रिणींशी, फोनवर, बहुधा स्वप्नातही. तिनं कानाला हेडफोन लावले, दोनदा ऐकलं आणि काढून ठेवले.

"आई, हे इंग्लिश नाहीये."

"इंग्लंडचा शेतकरी आहे, इंग्लिश नाही तर काय बोलणार?"

"मे बी. पण मला नाही समजत."

त्याचा मला उलट धीर आला. तिला येत नाही म्हणजे अवघड आहे, आणि अवघड असेल तर वेळ लागणारच, त्यात लाज कसली. मी एकेक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायला लागले. आपण लहानपणी परक्या गावच्या पाहुण्याचं बोलणं जसं आधी सुरावरून पकडतो आणि मग शब्दांवर येतो, तसं करत गेले. काही दिवसांनी त्या शेतकऱ्याशी माझी ओळखच झाली. त्याच्या मेंढ्यांच्या खुरांना काय झालं होतं ते मी आजही सांगू शकेन.

दुपारी शाळेतून आलं, जेवण झालं, की मी त्या रविवारात शिरायची. बाहेर रस्त्यावर ऊन असं असायचं की मांजरसुद्धा गाडीखालून हलायचं नाही, आणि माझ्या कानात इंग्लंडातला पाऊस. हवामान सांगणारा गृहस्थ नकाशावर हातानं ढग चिकटवायचा. एक ढग खाली पडला, त्यानं तो उचलून परत लावला, आणि बोलणं चालूच ठेवलं. दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला की नुसतं घड्याळ दाखवायचे आणि संगीत वाजवायचे. घाई कुणालाच नव्हती. दुपारी जुना सिनेमा, मग बागेत वाटाणे कसे लावायचे याची माहिती, संध्याकाळी चर्चमधली भजनं. भजनात पुढच्या रांगेतली एक म्हातारी शब्द विसरून नुसतं तोंड हलवत होती, ते मला कळलं. सबटायटल करणाऱ्या माणसाला असलं सगळं कळतं. शेवटी निवेदक शुभरात्री म्हणायचा, टीव्ही बंद करायला विसरू नका असं सांगायचा, राष्ट्रगीत व्हायचं आणि पडदा काळा.

आमच्या गावात टीव्ही आला तेव्हाही एकच चॅनेल होतं आणि तेही असंच वेळेवर उठायचं, वेळेवर झोपायचं. त्यामुळे मला हा दिवस परका वाटला नाही. नवरा फोनवर विचारायचा, "आज किती वाजले तुझ्या रविवारचे?" मी म्हणायची, "चहा झाला, आता बातम्या." तो हसायचा. त्याच्या खोलीतल्या माणसांनाही ठाऊक झालं होतं, की याची बायको दुपारभर विलायतेत असते.

सकाळची एक कॅसेट मात्र शेवटी आली. तिला बुरशी लागली होती, म्हणून ती साफ करून घ्यायला वेळ लागला. तोवर बाकीचा सगळा दिवस माझा झाला होता. ती फाइल आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "यात सुरुवातीला एक कार्यक्रम आहे, तिकडे राहायला आलेल्या आशियाई लोकांसाठीचा. हिंदीत असावा. संग्रहालयाचा नियम असा आहे, की इंग्रजी नसेल तिथे नुसतं ‘दुसऱ्या भाषेत बोलतात’ असं लिहायचं. तेवढं लिहा आणि पुढे जा."

दुपारी मी फाइल उघडली. सूट घातलेला निवेदक, फार अदबशीर हिंदी, अर्धी उर्दू. तो एका हॉलमध्ये गेला होता. तिथे बायकांचा इंग्रजीचा वर्ग चालायचा. लांब बाकं, स्वेटर घातलेल्या बायका, मागे पोरांचा गोंगाट. बहुतेक पंजाबी, गुजराती असाव्यात. निवेदकानं एकेकीला विचारलं, इथे आल्यावर सगळ्यात कठीण काय वाटलं. कुणी थंडी म्हणालं, कुणी बसचे नंबर. मग माइक कडेच्या एका बाईकडे गेला. सुती लुगडं, त्यावर पुरुषी लोकरीचा कोट, डोक्यावरून पदर. तिनं हिंदीत एक वाक्य सुरू केलं, अडखळली, थांबली. आणि म्हणाली,

"मना हिंदीत नाय सांगता येत. माज्या बोलीत सांगू?"

माझे हात की-बोर्डवरून खाली आले.

निवेदकाला कळलं नसावं, पण तो माणूस भला होता. त्यानं मान हलवली, आणि ती बोलायला लागली.

"माजी पोरगी हितल्या शालंत जाते. तिच्या बाईनं मना बोलावलान. बोलली, घरात पोरीशी इंग्लिश बोला, नाय तर पोरगी मागं ऱ्हाईल. मी बोलले, बाई, इंग्लिश तुमी शिकवा, त्यासाठीच तुमाकडं धाडलीय. घरात ती माजी बोली शिकनार. उद्या तिची नानी आली खाडीवरना, तर ही तिच्याशी काय बोलंल? मुकी बसंल?"

निवेदक तिच्याकडे बघत होता. ती थोडी हसली आणि म्हणाली, "बाईला माजा इंग्लिश समजला नाय. मग पोरीनंच तिला सगळा समजावून सांगितलान."

‘बोलावलान’, ‘सांगितलान’. हे ‘लान’ पुस्तकात नसतं. ते आमच्या जिल्ह्याच्या खाड्यांवर असतं. माझी आई आजही फोनवर म्हणते, डाक्टरनं गोळी दिलान. पुण्याच्या कॉलेजात मुली हसल्या म्हणून मी ते स्वतःच्या बोलण्यातून काढून टाकलं होतं, आणि ते मला सापडलं कुठे, तर इंग्लंडातल्या एका गिरणीगावात, रविवारी सकाळी, टीव्हीवर. मी ते वाक्य पुन्हा ऐकलं. मग उठून पाणी प्यायले आणि पुन्हा ऐकलं.

मुलगी शाळेतून आली तेव्हा मी तिला ते दाखवलं. तिला सगळं कळलं नाही, पण ती म्हणाली, "ती आजीसारखी बोलते." बास, तेवढंच मला हवं होतं.

दोन जागा मात्र मला लागत नव्हत्या. पोरं मागे फार ओरडत होती. एके ठिकाणी मला ऐकू यायचं, की ईदीला तिनं शेजारच्या गोऱ्या बाईला चांदण्या दिल्या आणि त्या बाईनं चांदण्यांना जाम लावला. चांदण्यांना जाम कसा लावतात, यावर मी बराच वेळ घालवला. शेवटी म्हटलं, ईद म्हणतेय, खाडी म्हणतेय, तर मत्रहच्या चाचांकडे जावं.

मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, चाचांचं कापडाचं दुकान आहे. त्यांचे वडील गलबतानं इथे आले, तेव्हापासूनचं. मूळचे आमच्याच जिल्ह्याचे, किनाऱ्यावरच्या मुसलमान मोहल्ल्यातले. सणाला लागणारं कापड आम्ही त्यांच्याकडूनच घेतो. मला ते ‘बाय’ म्हणतात, आमच्याकडे मुलीबाळींना म्हणतात तसं.

शुक्रवारी संध्याकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी गेले. मुलगीही बरोबर होती. मी चाचांच्या हातात फोन दिला, कानात इअरफोन लावून दिले. त्यांनी गिऱ्हाइकाला हातानंच थांबायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर डोळे न उघडता म्हणाले, "फिरून लाव."

दुसऱ्यांदा ऐकून त्यांनी इअरफोन काढले.

"ही कुठं मिळाली तुला?"

मी सांगितलं. रविवार, माळा, कॅसेट, सगळं.

"बाय, ही आमच्याच खाडीची. वरच्या अंगाची. माझी फुपी असंच बोलायची, दर वाक्याला असा शेवटी हेल काढून."

"आणि चाचा, त्या चांदण्या काय आहेत?"

चाचा हसायला लागले. इतके, की थांबलेलं गिऱ्हाईकही हसायला लागलं. "चांदण्या नाय गं. सांदनां. ईदीची सांदनां दिली शेजारणीला, आणि तिनं त्याला जाम लावलान."

आमच्या घरी सांदणं, म्हणजे वाफवलेल्या गोड वड्या, व्हायची ती फणसाची. त्यांच्याकडे ईदीला आणि लग्नाला तांदळाची, नारळाच्या दुधातली होतात. शब्द माझाच होता, मी त्याला ओळखलं नव्हतं. दुसरी जागाही त्यांनी सोडवली. तिथे ती म्हणत होती, की गिरणीत रात्रपाळी करून आल्यावर ती वर्गाला येते, कारण दिवसा झोपलं तर इंग्लिश कोण शिकणार.

"हिचं नाव काय?" चाचांनी विचारलं.

नाव कुणी विचारलंच नव्हतं तिला. निवेदक सगळ्यांना बहनजी म्हणत होता.

"एवढा पाठव मला," चाचा म्हणाले. "माझ्या भाचीचा सासरा त्याच मुलखात आहे. आमचे लोक तिकडं ढीगभर. कुणीतरी ओळखंल, इन्शाल्ला."

मी आधी मॅडमना विचारते म्हटलं. दुसऱ्याची वस्तू होती.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते; रविवारी शाळेत मी मॅडमना तो तुकडा दाखवला आणि वाक्यावाक्याचा अर्थ सांगितला. त्या खुर्चीवर पुढे सरकून बसल्या. त्यांना तो हॉल ओळखीचा होता. त्यांच्या वडिलांच्या दुकानाच्या मागेच होता. लहानपणी त्या तिथे नाच शिकायला जायच्या, त्याच बाकांवर बूट ठेवून. "आम्ही आत जायचो तेव्हा या बायका बाहेर पडत असायच्या," त्या म्हणाल्या. "आम्हाला कधी कळलं नाही त्या काय बोलतात."

भाचीच्या सासऱ्यांना तुकडा पाठवायला त्यांनी परवानगी मिळवली. मग मी दुसरी गोष्ट काढली. मी म्हटलं, ‘दुसऱ्या भाषेत बोलतात’ असं मी लिहिणार नाही. इंग्रजी अर्थ देते, पण भाषेचं नाव पण हवं. आणि तिचं बोलणं देवनागरीत पण दिसलं पाहिजे, इंग्रजीच्या वरती.

"पण तिथे ते कुणाला वाचता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"ज्यांना येतं त्यांना येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एरवी असं बोलत नाही. त्यांनी तिथल्या तिथे भावाला फोन लावला आणि टेबलावर ठेवला, मलाही ऐकू येईल असा. भावानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, करता येईल, अडचण काही नाही. मग त्यानं सहज विचारलं, "मराठी कुठे बोलतात?"

मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "माझ्या ग्रंथालयात."

देवनागरी मी घरी बसून केली. ती जे म्हणाली तेच लिहिलं. ‘मना’ला ‘मला’ केलं नाही, ‘शालंत’चं ‘शाळेत’ केलं नाही. मुलगी शेजारी बसून बघत होती.

"आई, स्पेलिंग राँग आहे. मला पाहिजे ना तिथे?"

"राँग नाही. ती असंच बोलली."

"मग मी पण चुकीचं बोलते तेव्हा तू करेक्ट का करतेस?"

मी म्हटलं, "तिचं पूर्ण आहे. तुझं अर्धं आहे. अर्धं पूर्ण होईपर्यंत मी बोलणार."

"ओके," ती म्हणाली, आणि मग, मला जरा चिडवत, "चालेल, आईनं सांगितलान."

चाचांच्या भाचीच्या सासऱ्यांनी तो तुकडा मशिदीतल्या मित्रांना दाखवला. मित्रांनी आपापल्या घरी बायकांना. बायकांनी ओळखलं. पुरुषांना वर्षानुवर्षं शेजारी राहून जे कळत नाही, ते बायकांना लोकरीच्या कोटावरून कळतं. तो कोट गिरणीतल्या फोरमननं टाकून दिलेला होता आणि तिनं तो उसवून आपल्या मापाचा केला होता, हे सुद्धा एकीला आठवत होतं. बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण ती मुलगी, जिच्या शाळेची ती गोष्ट, तिथेच दोन गल्ल्या सोडून राहत होती. जन्मभर हॉस्पिटलात सुईणीचं काम करून आता निवृत्त झालेली. आईचे तिच्याकडे फोटो होते. आवाज नव्हता.

तिचा मला फोन आला तो शनिवारी दुपारी. मी इंग्रजीत हॅलो म्हटलं. पलीकडून आवाज आला, "तुमी रत्नागिरीच्या ना? मग आपली बोली बोला."

तिची बोली लहान मुलीच्या वयातच थांबली होती. मोठ्या माणसाचे शब्द तिला इंग्रजीत यायचे, घरातले सगळे आईच्या बोलीत. ती म्हणाली, तुकडा तिनं एकटीनं बघितला नाही. नातवंडांना गोळा केलं, सगळ्यांना बसवलं आणि मग लावला. नातवंडांनी पणजीला पहिल्यांदा हलताना पाहिलं. आई बोलायला लागली तशी ती स्वतः उठून स्वयंपाकघरात गेली, कारण तिला वाटलं आई हाक मारतेय.

मग ती हसायला लागली.

"आई बोलते ना त्यात, की पोरीनं बाईला सगळा समजावून सांगितलान?"

"हो."

"मी तसा काय सांगितलाच नाय. मी घाबरलेली. आई एवढी तावातावानं बोलत होती. मी बाईला इंग्लिशमध्ये बोलले, माझी आई थँक यू म्हणते, आणि ती ट्राय करणार म्हणते."

"आणि आईला?"

"आईला बोलले, बाई म्हणते तुमचा बराबर आहे."

मी इतकी हसले, की मुलगी खोलीतून बाहेर आली. ती पलीकडून म्हणत होती, बाई खूश झाली, आई खूश झाली. घरात आई शेवटपर्यंत आपलंच बोलली. "म्हणून तर आज तुमच्याशी बोलते," ती म्हणाली. नंतर हॉस्पिटलात आपल्याकडच्या बायका बाळंतपणाला आल्या, की डॉक्टर तिलाच बोलवायचे. कळा देणाऱ्या बाईला तिच्या भाषेत ‘जरा थांब’ म्हणणारं कुणी असलं, तर ती थांबते, असं ती म्हणाली.

संग्रहालयानं रविवार दाखवला तो दिवस इथे शाळेचा होता. तिथली सकाळ म्हणजे आपली दुपार. मॅडमनी त्या तासाला ग्रंथालयात वर्ग ठेवले नाहीत. मोठा पडदा लावला, आणि भावानं तिकडून जोडून दिलं. चाचा मत्रहहून चाचींना घेऊन टॅक्सीनं आले. ग्रंथालयात बोलायचं नसतं म्हणून दोघं दारातच आवाज उतरवून उभे राहिले. मॅडमनी त्यांना हाताला धरून पुढच्या खुर्च्यांवर नेऊन बसवलं. मुलीला मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घ्यायला लावली होती. शाळेतले दोन शिक्षक, आणि साफसफाई करणारी आमची केरळची ताई पण येऊन बसली.

घड्याळ दिसलं, संगीत वाजलं, निवेदकानं नमस्कार केला. मग हॉल आला, बाकं आली, कडेची बाई आली. आणि पडद्यावर, इंग्लंडातल्या त्या गावात आणि इथे मदिनत सुलतान काबूसमध्ये एकाच वेळी, अक्षरं उमटली: मना हिंदीत नाय सांगता येत. माज्या बोलीत सांगू? खाली इंग्रजी. वर कोपऱ्यात लहान अक्षरांत, मराठी, रत्नागिरी किनाऱ्यावरची.

माझा ऊर भरून आला हे मी लपवणार नाही. पदवी मिळाली तेव्हा असं झालं नव्हतं. इथे नोकरी लागली तेव्हाही नाही. ती अक्षरं मी बसवली होती, एकेक, ती श्वास घेते तिथे तोडून.

बाईचं बोलणं संपलं तशा चाची चाचांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "चांगली बोलली. तोंडावर बोलली."

मॅडमनी मला विचारलं त्या काय म्हणाल्या. मी सांगणार होते, पण माझी मुलगी आधीच त्यांना इंग्रजीत समजावून सांगत होती. मी कान देऊन ऐकलं. बरोबर सांगत होती.

तिकडे संग्रहालयात लोकांनी टाळ्या वाजवल्याचं मॅडमच्या भावानं कळवलं. सुईणबाई नातवंडांसह पुढच्या रांगेत होत्या, आणि तुकडा संपल्यावर त्यांनी उठून सगळ्यांना त्या शाळेतल्या दुभाषेपणाची गोष्ट सांगितली. नवऱ्यालाही मी लिंक पाठवली होती; दुक्मच्या मेसमध्ये त्यानं जेवताना फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता. त्याच्याभोवती रत्नागिरीचे, रायगडचे, कुठले कुठले लोक जमले. तो म्हणाला, एकानं ताट तसंच ठेवून त्याला विचारलं, हे मराठी कुणी लिहिलंय. "मग?" मी विचारलं. "मग काय," तो म्हणाला, "मी सांगितलं. दुसऱ्यांदा विचारायला लावलं आणि पुन्हा सांगितलं."

आता तो तुकडा संग्रहालयात मागाच्या यंत्राशेजारी कायमचा लावलेला आहे. बटण दाबलं की बाई बोलते. शिवाय त्या भागातल्या लोकांनी आपापल्या घरातून आणखी कॅसेटी आणून दिल्या आहेत, आणि त्यात जिथे मराठी सापडतं ते माझ्याकडे येतं. गेल्या आठवड्यात आलं ते बस डेपोतल्या एका कंडक्टरचं बोलणं आहे. तो आमच्याकडचा नाही, घाटावरचा आहे, बहुतेक सोलापूरकडचा. दर वाक्याला ‘की’ लावतो, आणि मधेच दोन शब्द असे टाकतो की मला लागत नाहीत.

काल नवऱ्याला फोनवर ते सांगितलं. त्याच्या खोलीत सोलापूरचा एक वेल्डर आहे.

"पाठव," नवरा म्हणाला. "आत्ता समोरच बसलाय. ऐकवतो त्याला."